आजाऱ्याचं जेवण आणि बुधवारची सुरमई

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारी ३६ वर्षांची, ठाण्याच्या पुढे राहते, नोकरी फोर्टात, घरी पोचायला रोज आठ-सव्वाआठ. घरात नवरा (त्याचं ऑफिस जवळ, तो सातला घरी), आठ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. सासर मालवणकडचं, त्यामुळे मासे हवेतच. पण आठवड्याच्या मध्ये मासे करायचे म्हणजे वाटण, कालवण, तळण, मग ओट्यावर उडालेलं तेल पुसणं, यात दहा वाजतात. म्हणून तिने ओटीजीत (म्हणजे ओट्यावरच्या छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये) सुरमई बेक करून बघितली, २२० डिग्रीवर पंचेचाळीस मिनिटं, "कच्ची राहायला नको म्हणून". सोबत पोळी आणि काकडी-टोमॅटो. मासा वातड झाला. सासूबाई म्हणाल्या, "ह्यां काय गो, आजाऱ्याचां जेवाण?" आणि दहीभात खाऊन उठल्या, मुलाने काटा लागला म्हणून ताट सरकवलं, नवऱ्याने नूडल्स मागवले. वर सासूबाईंनी बजावलंय की ज्या ओटीजीत गणपतीला नानकटाई होते त्यात पुन्हा मासा जाता कामा नये. प्रश्न असे: अर्ध्या तासात होणारी एक सोपी रेसिपी द्या, सासूबाईंना कसं पटवायचं ते सांगा, येताना स्टेशनबाहेर बांगडे मिळतात ते घेऊ का, की सरळ सांगा मासे रविवारीच कर म्हणून, मी नाद सोडते.

अगं, तू वयाने बरीच लहान आहेस म्हणून अगं-तुगं करतेय, राग मानू नकोस.

तुझ्या पत्रात 'पंचेचाळीस मिनिटं' वाचलं आणि मी आधी हसले, मग वाईट वाटलं, कारण बाकी तुझं काही चुकलं नव्हतं. मीठ-हळद लावलीस, आलं-लसूण लावलंस, तुकड्या चांगल्या आणल्यास, आणि ती सुरमई बिचारी पंधराव्या मिनिटाला तयार होऊन बसली होती, पुढची तीस मिनिटं ती नुसती वाळत होती. चिकनला लागतो तेवढा वेळ माशाला धरला की हे होतं, आणि तू एकटी नाहीस, या एका चुकीमुळे 'आम्हाला बेक्ड फिश आवडत नाही' म्हणणारी किती घरं असतील. त्यांनी बेक्ड फिश खाल्लेलाच नसतो, वाळवलेला खाल्लेला असतो.

आता हे बघ, कालवण करताना तू काय करतेस? रस्सा आधी उकळून घेतेस, आंबट-तिखट चाखून बघतेस आणि तुकड्या सगळ्यात शेवटी सोडतेस, मग एक-दोन उकळ्या, पाच-सात मिनिटं, गॅस बंद. पळीपण घालत नाहीस, भांडंच धरून हलवतेस, कारण तुकडी मोडेल. म्हणजे मासा पटकन शिजतो हे तुझ्या हाताला पक्कं माहितीये, पण समोर ओव्हन आला की आपण सगळे एकदम केक करणारे होतो आणि घड्याळ लावून बसतो. माशाला चिकन-मटणासारखे चिवट धागे नसतात, जे थोडे असतात ते लगेच विरघळतात, आतलं तापमान ६३ डिग्रीच्या आसपास गेलं की काम झालं. बाहेर एक हिशोब सांगतात की जाडीच्या दर इंचाला दहा मिनिटं, तो खूप तापलेल्या ओव्हनचा आहे, २३० वगैरे. आपला छोटा ओटीजी आधी दहा मिनिटं तापवून २०० वर ठेवलास तर बोटभर जाड तुकडीला बारा ते पंधरा मिनिटं पुष्कळ. बाराव्या मिनिटाला दार उघड, सुरीचं टोक मधल्या काट्याजवळ घाल आणि किंचित वळव. मांस काचेसारखं दिसत असेल तर अजून दोन मिनिटं, पांढरं होऊन पाकळीसारखं सुटत असेल तर लगेच बाहेर. बाहेर काढल्यावरही तो ट्रेच्या उष्णतेने थोडा शिजतो, म्हणून 'अजून एक पाच मिनिटं, सेफ साइड' हे डोक्यातून काढून टाक.

बरं, दुसरी गोष्ट. तू लिहिलंस 'रोज रात्रीचा प्रश्न आहे'. खरंच रोजचा आहे का? तुझ्याच पत्रात आहे की सोमवार सासूबाईंचा, मंगळवारी तुझा गणपतीचा, गुरुवार नवऱ्याचा (साईबाबा), शनिवारी कोणीच खात नाही. मग राहिलं काय, बुधवार आणि शुक्रवार. रविवारी तर कालवण, तळलेली तुकडी, सोलकढी असं सगळं साग्रसंगीत होतंच. म्हणजे तुला आठवड्यातल्या दोनच रात्री सोडवायच्यात, त्यातपण संकष्टी बुधवारी आली की गेली एक, श्रावण गेला, नवरात्र गेलं, आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद त्यामुळे तेव्हा ताजा मासा कमी आणि महाग. 'रोज' म्हटलं की छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं, दोन रात्री म्हटलं की वही-पेन घेऊन बसता येतं. आणि या दोन रात्रींसाठी रविवारचं जेवण मोडीत काढायचं नाहीये, तळलेल्या सुरमईची जागा ओटीजी घेऊ शकत नाही, आणि घ्यायचा प्रयत्न केलास तर परत नूडल्स येतील. हा तिसराच पदार्थ आहे, तो तसाच धर.

आता सासूबाई. मला तुझ्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य कुठलं वाटलं सांगू, त्यांनी दहीभात खाल्ला ते. तुला वाटलं त्यांनी तुझा मासा नाकारला, मला वाटतं त्या ताटात भाताला ओलं काही शोधत होत्या. सुका मासा, पोळी आणि काकडी, म्हणजे त्या ताटात रस्साच नाही गं! मालवणच्या माणसाला रात्री भातावर ओतायला काही नसेल तर ते जेवण जेवणच नाही, तळलेली तुकडी ही तोंडी लावायला, मुख्य जेवण रस्सा-भात. तू तुकडी बदललीस आणि रस्सा काढून टाकलास, त्यांनी बिचाऱ्यांनी दही ओतलं. 'आजाऱ्याचां जेवाण' हे कदाचित ओव्हनला नव्हतंच, त्या कोरडेपणाला होतं. मी चुकतही असेन, मी तुमच्या घरात राहत नाही, पण पुढच्या वेळी ट्रेमध्ये रस्सा ठेवून बघायला काय हरकत आहे.

आणि मासा भाजून खाणं हे काही आपल्याला परकं नाही. माझं माहेर अलिबागकडचं, आमच्याकडे थंडीत पोपटी लावतात, मडक्यात तळाला भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, मसाला लावलेलं चिकन, अंडी, परत पाला, तोंड बंद करून मडकं उलटं ठेवायचं आणि भोवती जाळ. पाणी नाही, तेल नाही, अर्ध्या तासाने उघडलं की जो वास येतो... तर तो ओव्हन नाही तर काय आहे? पाठारे प्रभूंकडे कोबी-कोळंबीचं भानोलं खाली-वर निखारे ठेवून करायचे. आणि तुझ्या सासूबाईंनी लहानपणी निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा आणि पेज नक्की खाल्ली असणार. हे त्यांना ऐकवायला म्हणून सांगत नाहीये हां, 'बघा तुम्हीपण भाजलेलाच खात होतात' असं म्हणायला गेलीस तर सगळं मुसळ केरात. नुसतं विचार एकदा, बांगडा कसा भाजायचात म्हणून. ती गोष्ट पंधरा मिनिटं चालेल आणि त्यातून तुला दोन कामाच्या गोष्टी कळतील.

'पटवायचं कसं' असं तू विचारलंयस, मी म्हणते पटवू नकोसच. तू लिहिलंस की गुडघ्यांमुळे त्यांना आता ओट्याशी उभं राहवत नाही, वर्षभर स्वयंपाक तूच करतेस. मग ज्या बाईने तीसेक वर्षं मासे केले तिच्यासमोर एक दिवस खोक्यातून मासा बाहेर येतो आणि त्यात तिचा हात कुठेच नाही. वाटण त्यांच्याकडे दे ना. रविवारी डायनिंग टेबलाशी बसून लसूण सोलणं, कोथिंबीर निवडणं, मिरच्या किती, आलं किती, तिरफळ घालायचं की नाही हे त्यांनी ठरवायचं, मिक्सर तू फिरवायचास. ते वाटण बर्फाच्या ट्रेमध्ये घालून फ्रीझ कर, दुसऱ्या दिवशी क्यूब काढून डब्यात. बुधवारी दोन क्यूब काढायच्या की वाटण तयार आणि मासा सासूबाईंच्याच हातचा. (त्या नाही म्हणाल्या तर आग्रह करू नकोस, गुडघे दुखताना मदत मागितलेली कधीकधी टोचते पण.)

आता रेसिपी. चार माणसांना अर्धा किलो सुरमईच्या तुकड्या, मासेवाल्या मावशींना सांगायचं बोटभर जाड काढा, पातळ नको, पातळ तुकडी तव्यावर छान पण ओव्हनमध्ये लगेच वाळते. मीठ, अर्धा चमचा हळद आणि एक चमचा आगळ (कोकमाचा आंबट रस) किंवा अर्धं लिंबू चोळून पंधरा-वीस मिनिटं ठेवायच्या. सकाळी आंबट लावून संध्याकाळपर्यंत ठेवू नकोस, आंबटाने मासा फ्रिजमध्येच अर्धा शिजल्यासारखा होतो आणि मग भुगा होतो. त्यावर वाटणाच्या दोन क्यूब, दोन चमचे मालवणी मसाला आणि, हे महत्त्वाचं, दीड-दोन मोठे चमचे तेल. ओव्हन म्हणजे बिनतेलाचं असं समजून लोक तेलच घालत नाहीत, मग वरचा कोरडा मसाला करपतो आणि कडू लागतो. तळायला वाटीभर तेल लागतं तिथे दोन चमचे लागतायत, तेवढे घाल.

आणि आता ती गोष्ट जी मला तीन वेळा चुकल्यावर कळली. मासा ट्रेवर नुसता ठेवायचा नाही, खाली कांदा-टोमॅटोची गादी करायची. दोन कांदे अगदी पातळ उभे चिरून, एक टोमॅटो चकत्या करून, तेल-मीठ-चिमूटभर मसाला लावून ट्रेमध्ये पसरायचे. पण मासा पंधरा मिनिटांत होतो आणि कांदा तेवढ्यात होत नाही, मी पहिल्यांदा दोन्ही एकदम घातलं, वर मासा मस्त आणि खाली कचकच कच्चा कांदा. तर ओटीजी तापवायला लावतेस तेव्हाच कांद्याचा ट्रे आत टाकायचा, नाहीतरी ती दहा मिनिटं रिकामा ओव्हनच तापत असतो. दहा-बारा मिनिटांनी उघडलं की कांदा मऊ पडून कडेला लालसर व्हायला लागलेला असतो, टोमॅटोला पाणी सुटलेलं असतं, त्यावर तुकड्या मांडायच्या, एकीला एक चिकटू नये इतपत लांब, आणि परत आत. आठ मिनिटांनी दार उघडून अर्धी वाटी घट्ट नारळाचं दूध (पॅकेटचं चालतं, बुधवार आहे, कोणी बघत नाही) तुकड्यांच्या वर नाही, बाजूने कांद्यावर ओतायचं, आणि उरलेली पाच-सहा मिनिटं. बाहेर काढलास की कडेला नारिंगी रंगाचा रस्सा खदखदत असतो, त्यात कांदा, माशाचा उतरलेला रस, मसाला. थोडं आगळ वरून, कोथिंबीर, आणि हे सगळं पळीने भातावर. सासूबाईंच्या ताटात आधी.

या पंधरा मिनिटांत कुकरला भात होतो, आणि बाकी काही करायचं नाही. कोशिंबीर नको, पापड नको, 'एवढंच?' असं कोणी म्हटलं तर हो, एवढंच म्हणायचं. आठवड्याच्या रात्रीचं जेवण रविवारसारखं दिसलं पाहिजे ही आपली सगळ्यात महागडी समजूत आहे, आणि ती मोडायची हिंमत पहिल्यांदाच लागते, तिसऱ्या बुधवारी कोणी विचारतही नाही.

मुलाचा काटा. सुरमईला मधला गोल काटा आणि थोडेसे बाजूला, तेवढेच. त्याच्या वाटणीची तुकडी ताटात जायच्या आधी तूच उघडून मधला काटा काढ, नीट शिजलेल्या माशातून तो अलगद निघतो, वातड झालेल्यातून निघत नाही, मागच्या वेळी त्याला लागला त्याचं कारणही बहुतेक तेच. त्याला कुरकुरीत आवडत असेल (कुठल्या आठ वर्षांच्या मुलाला आवडत नाही) तर त्याच्या एका तुकडीवर रवा लाव, पण कच्चा रवा लावून ओव्हनमध्ये ठेवलास तर तो पांढराच राहतो आणि दातात रेतीसारखा येतो. आधी कढईत चमचाभर तेलात तीन-चार चमचे रवा, चिमूटभर तिखट-मीठ घालून गुलाबी होईपर्यंत परत, गार कर, तुकडीच्या वरच्या बाजूला दाबून बसव. अशी तुकडी रश्श्यात ठेवू नकोस, ट्रेच्या एका कोपऱ्यात बेकिंगच्या कागदाच्या तुकड्यावर ठेव. तळल्यासारखी होत नाही, खोटं कशाला बोलू, पण कुर्रम वाजते.

तुझा बांगड्यांचा प्रश्न. संध्याकाळी स्टेशनबाहेर पाटीवर असलेले बांगडे सकाळपासून कुठे, किती बर्फात होते ते आपल्याला माहीत नसतं. आणि बांगडा, तारली, सुरमई, कुपा या जातीच्या माशांची एक भानगड असते, ते उबेत पडून राहिले की त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं आणि ते कितीही शिजवलं, तळलं तरी जात नाही. खाल्ल्यावर तासाभरात तोंड लाल, अंगाला खाज, डोकं ठणकणं, लोक म्हणतात माशाची अ‍ॅलर्जी झाली. तर नेहमीच्या मावशी असतील, मासा बर्फात असेल, डोळा चकचकीत, कल्ले लाल, दाबल्यावर खळगा राहत नसेल तर घे आणि घरी गेल्या गेल्या कर, नाहीतर सोड. लोकलच्या गर्दीत पाऊण तास पिशवीत घेऊन येणार असशील तर मुळीच घेऊ नकोस, मासा पण नको आणि डब्यातल्या बायकांच्या शिव्या पण नको.

त्यापेक्षा खरेदी रविवारीच एकदम. कच्चा मासा फ्रिजमध्ये एक-दोन दिवसच टिकतो, रविवारचा मासा बुधवारपर्यंत खाली ठेवून चालणार नाही, म्हणून बुधवार-शुक्रवारचा लगेच फ्रीझरमध्ये. धुवून, पुसून कोरड्या केलेल्या तुकड्यांना फक्त हळद-मीठ लाव, आंबट नाही, आणि एका जेवणाचं एक पाकीट, एकावर एक न रचता सपाट. सपाट पाकीट लवकर गोठतं आणि लवकर सुटतं, गोळा करून ठेवलेला मासा बुधवारी संध्याकाळी विटेसारखा हातात येतो. मंगळवारी रात्री झोपताना पाकीट फ्रीझरमधून खालच्या कप्प्यात, एखाद्या ताटलीत, कारण पाणी सुटतं. ओट्यावर दिवसभर ठेवून सोडवायचा नाही. लावायच्या आधी परत पुसायचा, ओला राहिला तर मसाला धरत नाही. सुरमई, रावस असे दोन-तीन महिने राहतात, बांगडा तेलकट, तो महिन्याभरात संपव नाहीतर खवट वास येतो.

बांगडा करायचाच तर शुक्रवारी, केळीच्या पानात. पान गॅसच्या आचेवरून फिरवायचं, फिकट मळकट हिरवं होतं ते जिथे जिथे आच लागेल तिथे एकदम गडद आणि तेल लावल्यासारखं चकाकतं, तेवढं झालं की ते कापडासारखं घडी होतं, फाटत नाही. अख्ख्या बांगड्याला दोन्ही बाजूंनी तीन-तीन चिरा, पोटात आणि चिरांत वाटण, दोन तिरफळं ठेचून, पानात गुंडाळून २०० वर अठरा-वीस मिनिटं. पारशी लोकांच्या पात्रानी मच्छीसारखंच, फक्त ती वाफवतात. पान नसेल तर बेकिंगचा कागद, आणि फॉइल वापरायची तर ती बाहेरून, आगळ-लिंबू लावलेला मासा थेट फॉइलला लागू देऊ नये, आंबटाने अ‍ॅल्युमिनियम थोडं उतरतं आणि धातूची चव पण येते.

आता जरा अडचणीचं. तू लिहिलंस, नवरा सातला घरी येतो, तू सव्वाआठला येतेस, आणि मग 'मी आल्यावर धावपळ होते'. मी ते वाक्य दोनदा वाचलं. सव्वा तास घरात एक धडधाकट माणूस आहे आणि मासा तुझी वाट बघतोय. तू लिहिलंस त्याला स्वयंपाक येत नाही, मान्य, तळणं यायला सवय लागते, तेल किती तापलं, कधी उलटायचं, अर्धवट उलटलं की तुकडी मोडते, मग 'राहू दे, मीच करते'. पण ओव्हनच्या माशात उलटायचं काहीच नसतं! मला विचारशील तर त्याचा सगळ्यात मोठा फायदा चव नाही, तेल कमी हा पण नाही, त्याच्यासमोर कोणाला उभं राहावं लागत नाही हा आहे, आणि म्हणून तो ज्याला स्वयंपाक येत नाही त्याला करता येतो. कांदा चिरून पसरायचा, बटण फिरवायचं, दहा मिनिटांनी मासा ठेवायचा, बारा मिनिटांनी बघायचा. फ्रिजवर कागद लाव. 'पावणेआठ, कांदा आत. आठ, मासा आत, कुकर लावणे. आठ दहा, नारळाचं दूध. सव्वाआठ, बंद.' तू दारात चपला काढतेस तेव्हा ट्रे बाहेर येतोय, हे चित्र मी जरा जास्तच रंगवतेय माहितीये, पहिल्या बुधवारी तो तुला लोकलमध्ये चार फोन करेल, कांदा म्हणजे किती पातळ विचारेल. फोन उचल, उत्तर दे, पण आल्यावर कांदा जाड चिरलाय असं म्हणू नकोस. निदान पहिले दोन बुधवार.

तो अगदीच तयार नसेल तर मग हिशोब वेगळा, मग बुधवारी मासा नऊला होईल आणि तुला ते झेपत नसेल तर शुक्रवार एकच ठेव. आठवड्यात एक रात्र नीट जमली तरी खूप झालं, रविवारवर जायची गरज नाही आणि दोनचा हट्ट पण नाही.

हे सगळं वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी, कारण ओटीजी नाही म्हणून तीन-चार पत्रं पडलीत माझ्याकडे: एअर फ्रायर असेल तर १८० वर दहा-बारा मिनिटं, पण रश्श्याची मजा त्यात नाही. मायक्रोवेव्ह असेल तर कन्व्हेक्शन मोड आहे का बघा, साध्या मायक्रोवेव्हमध्ये हे होत नाही, आणि धातूचा ट्रे किंवा फॉइल मायक्रोवेव्ह मोडवर घालू नका. काहीच नसेल तर जाड तवा, पानात गुंडाळलेला मासा, वर घट्ट झाकण, मंद गॅस, एका बाजूने सात आणि दुसऱ्या बाजूने सहा मिनिटं, पान खालून जळलं की आतून बरोब्बर झालेला असतो. परदेशातल्यांना तर घरात ओव्हन असतोच, तिथल्या सामन किंवा कॉडच्या बिनकाट्याच्या तुकड्यांना हेच वाटण चालतं, केळीची पानं एशियन दुकानात फ्रोझन मिळतात. आणि बोंबील कोणीही ओव्हनमध्ये घालू नका प्लीज, मी घातले होते, पाट्याखाली दाबून पाणी न काढता, तसेच मऊ मऊ, वीस मिनिटांनी ट्रेमध्ये तळं आणि त्यात काहीतरी तरंगत होतं, माझ्या नवऱ्याने त्याला काय नाव ठेवलं ते इथे लिहिता येणार नाही.

राहता राहिली नानकटाई. सासूबाईंचं म्हणणं मला चुकीचं वाटत नाही. गणपतीचा फराळ ज्यात होतो त्यात मासा नको हे एक झालं आणि वास राहतो हे दुसरं, वासाचं करता येतं, पहिल्याचं तू-मी ठरवायचं नाही. वासासाठी माशाचा ट्रे आणि जाळी वेगळी घे, त्यावर मार्करने खूण कर, मासा झाला की ओटीजी कोमट असतानाच आतून ओल्या फडक्याने पूस, मग वाटीभर पाण्यात लिंबाच्या फोडी टाकून दहा मिनिटं चालू ठेव आणि दार उघडं ठेवून झोप. तरीही त्यांना नकोच वाटत असेल तर श्रावण लागला की मासा बंदच असतो, तेव्हा ओटीजी रिकामा करून आतून सोड्याने घासून त्यांच्या ताब्यात दे, अनंत चतुर्दशीपर्यंत तो त्यांचा. आणि तेवढ्यानेही नाही जमलं तर छोटा सेकंडहँड एअर फ्रायर बघ आणि रस्सा वेगळा गॅसवर कर, पाच मिनिटांचं काम आहे. पण आधी त्यांना विचार की नेमकं काय खटकतंय, वास की सोवळं. मला पत्रावरून कळलं नाही, आणि मला वाटतं तूही अजून विचारलेलं नाहीस.